दर हंगामात रॅम वाढवली की सर्व्हर रीस्टार्ट होतो: दोष होता तो मे महिन्यात

लक्षण आधी सांगतो, म्हणजे तुमचीही तक्रार हीच आहे का ते लगेच कळेल.

दोन प्रोसेसरचा सर्व्हर. एरवी १९२ जीबी रॅमवर निवांत चालतो. कामाचा हंगाम आला की रॅम वाढवून ३८४ करतो. मशीन सुरू होतं, पूर्ण ३८४ दाखवतं, आठ-दहा दिवस काही कुरकुर नाही. मग एका दुपारी भर कामात स्वतःहून रीस्टार्ट. लॉगमध्ये, म्हणजे मशीनच्या नोंदींत, मेमरीची चूक. रॅमची स्टिक बदलली की पुन्हा आठ-दहा दिवस शांतता, पुन्हा तेच. मे महिन्यात वाढीव रॅम काढली की तक्रार गायब, आणि पुढच्या जानेवारीत जशीच्या तशी दारात उभी.

दिंडोरी तालुक्यातल्या एका द्राक्ष निर्यातदाराच्या पॅकहाउसमध्ये हे सलग तीन हंगाम झालं. तिथल्या सर्व्हरची देखभाल माझ्याकडे आहे, माझं वर्कशॉप नाशिकच्या सातपूरला. जानेवारी ते एप्रिल तिथं श्वास घ्यायला फुरसत नसते. सकाळी तोडलेला माल त्याच दिवशी निवडून, वजन होऊन, पेटीत बसून प्रीकूलिंगला गेला पाहिजे. प्रत्येक पेटीवर बारकोड, आणि अपेडाच्या (शेतमाल निर्यातीची सरकारी संस्था) ग्रेपनेटमध्ये ती पेटी कोणत्या बागेतली याचा माग. सर्व्हर बसला की लेबल निघत नाही, लेबल नाही तर पेटी पुढं सरकत नाही. पॅकिंगच्या बायका टेबलापाशी हातावर हात धरून बसतात, बाहेर क्रेट भरलेल्या गाड्या उन्हात उभ्या राहतात. एवढी रॅम असलेलं मशीन रीस्टार्ट होऊन सगळी व्हर्च्युअल मशीन (एकाच सर्व्हरच्या आत चालणारे वेगवेगळे संगणक) वर यायला पंचवीस मिनिटं लागतात. मणी सुकायला, देठ तपकिरी पडायला उन्हातली पंचवीस मिनिटं थोडी नाहीत. म्हणून हा प्रश्न मला नुसता तांत्रिक कधी वाटला नाही.

पहिल्या दोन हंगामांत मी लॉग वाचायचो, त्यात ज्या स्लॉटचं नाव असेल तिथली स्टिक वॉरंटीत बदलून घ्यायचो. इथं माझी चूक झाली. लॉग स्लॉटचं नाव सांगतो, दोषी कोण ते सांगत नाही. स्टिक, स्लॉट, बोर्डावरची वाट, प्रोसेसरची बैठक, या चौघांतला कोणीही गुन्हेगार असला तरी लॉगमध्ये नाव एकच छापलं जातं.

आधी नकाशा

तुमच्या मशीनचा मेमरीचा नकाशा कागदावर काढल्याशिवाय एकही स्टिक हलवू नका. आमचं मशीन इंटेल झिऑन स्केलेबलच्या दुसऱ्या पिढीचं, म्हणजे २०१९ साली बाजारात आलेलं. यात प्रत्येक प्रोसेसरला मेमरीचे सहा चॅनल आणि दर चॅनलवर दोन स्लॉट. एका बाजूला ए-१ ते ए-१२, दुसऱ्या बाजूला बी-१ ते बी-१२. पहिले सहा स्लॉट म्हणजे प्रत्येक चॅनलचा पहिला, पुढचे सहा म्हणजे दुसरा. म्हणजे बी-४ आणि बी-१० हे एकाच चॅनलवरचे सख्खे भाऊ. यानंतर २०२१ च्या पिढीत चॅनल आठ झाले, एएमडीच्या एपिकमध्ये आधी आठ आणि २०२२ पासूनच्या ९००४ मालिकेत बारा. त्यामुळे आमचा नकाशा तुमच्या मशीनला लावू नका. तुमचा नकाशा तुमच्या मशीनच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेला असतो, त्याचा फोटो काढून ठेवा.

चॅनल म्हणजे काय हे मी पॅकहाउसच्या मालकांना पिंपळगाव बसवंतच्या टोलनाक्यावरून समजावलं. लेन सहा असतील आणि सहाही उघड्या असतील तर गाड्या वाटून निघतात. तुम्ही दोनच लेनपुढं जागा वाढवलीत तर वाढीव जागेतल्या गाड्यांना त्या दोनच लेन मिळतात. रॅमचं तसंच आहे. बारा स्टिकच्या जोडीला घाईघाईत दोनच ३२ जीबीच्या स्टिक खुपसल्या तर आकडा वाढतो, पण मेमरीचा तो भाग दोन चॅनलवरच चालतो आणि वेग पडतो. वाढवायचं तर सगळ्या चॅनलवर सारखं वाढवा, आणि दोन्ही प्रोसेसरना सारखं. चॅनलवर एकाऐवजी दोन स्टिक बसल्या की आमच्या पिढीत २९३३ वेगाची मेमरी २६६६ वर उतरते. तो बिघाड नाही, त्यासाठी कोणाला फोन करू नका. वेगवेगळ्या वेगाच्या स्टिक मिसळल्या तर सगळ्या सर्वांत हळू स्टिकच्या चालीनं चालतात. रजिस्टर्ड आणि लोड-रिड्यूस्ड या दोन जाती मात्र एकत्र बसतच नाहीत. जुन्या बाजारातून स्वस्त स्टिक आणताना लेबलवरचं अक्षर न् अक्षर जुळवून घ्या.

नकाशा हातात आला की अर्धं निदान मोजणीनंच होतं. एकच स्लॉट नाहीसा झाला किंवा चुका देतोय, तर संशय स्टिकवर किंवा त्या स्लॉटवर. एकाच चॅनलचे दोन्ही स्लॉट एकदम गेले, तर संशय प्रोसेसरच्या बैठकीवर: सॉकेटमधली एखादी पिन वाकली असेल किंवा हीटसिंकचे (प्रोसेसर थंड ठेवणारा धातूचा ठोकळा) स्क्रू कमी-जास्त आवळले गेले असतील. या सॉकेटसाठी टी-३० टॉर्क्सचा पाना आणि १२ इंच-पाउंड इतकाच जोर, तोही हीटसिंकवर छापलेल्या क्रमानं. मनगटाच्या अंदाजानं आवळणारे चांगले अनुभवी लोक मी पाहिलेत, आणि त्यांच्या हातून गेलेले चॅनलही पाहिलेत. एका प्रोसेसरचे सगळेच स्लॉट गेले, तर तो प्रोसेसरच ओळखला जात नाहीये. आणि काहीही गेलेलं नाही, फक्त आकडा बरोबर निम्मा दिसतोय, तर बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, मेमरी मिररिंग चालू आहे का बघा. मिररिंगमध्ये मशीन प्रत्येक गोष्ट दोनदा लिहितं, म्हणून हाती निम्मंच उरतं.

आमच्याकडे एकच स्लॉट होता, बी-१०. तिन्ही हंगामांत तोच. पहिल्या दोन वर्षांचे लॉग मी दुरुस्तीनंतर पुसून टाकले होते, म्हणून हे मला तिसऱ्या वर्षी, जुन्या सर्व्हिस रिपोर्टच्या कार्बन कॉपी चाळताना कळलं. लॉग पुसण्याआधी त्याची प्रत काढा, ही विनंती मी आता प्रत्येकाला करतो.

अदलाबदलीची चाचणी

तिसऱ्या हंगामात जानेवारीच्या एका रविवारी, पॅकिंग बंद असताना, मी बी-१० मधली स्टिक काढून ए-१० मध्ये घातली आणि ए-१० मधली बी-१० मध्ये. दोन्हींचे सीरियल नंबर आधी लिहून घेतले. बाकी कशाला हात लावला नाही. एका वेळी एकच जोडी, हा नियम मोडला की चाचणीचा उपयोग संपतो, कारण चूक कशाबरोबर फिरली ते मग सांगता येत नाही.

चूक स्टिकबरोबर ए-१० ला गेली असती तर स्टिक खराब. ती बी-१० वरच राहिली तर स्टिक निर्दोष.

वाट बघताना नुसता रीस्टार्ट होईपर्यंत थांबायचं नसतं. ईसीसी मेमरी एका बिटाची चूक गुपचूप दुरुस्त करते आणि मोजणी ठेवते. साध्या ईसीसीत एकाच वेळी दोन बिट चुकले तर ते ओळखता येतात, दुरुस्त करता येत नाहीत, आणि खोटी माहिती पुढं जाऊ देण्यापेक्षा मशीन थांबतं. म्हणजे तो दुपारचा रीस्टार्ट शेवटची पायरी असते. त्याआधी बरेच दिवस दुरुस्त झालेल्या चुका साचत असतात. बऱ्याच सर्व्हरचा स्वतःचा लॉग त्या चुका ठरावीक मर्यादा ओलांडल्यावरच दाखवतो, म्हणून ऑपरेटिंग सिस्टिममध्येही बघावं लागतं. विंडोजच्या सिस्टिम लॉगमध्ये डब्ल्यूएचईए-लॉगर या नावाखाली ४७ क्रमांकाची नोंद म्हणजे दुरुस्त झालेली मेमरीची चूक. लिनक्सवर याच चुका मोजणाऱ्या ईडॅकचे आकडे बघा.

पॅकहाउसच्या ऑफिसात बसणाऱ्या ताईंना मी हे दाखवून दिलं आणि त्या रोज सकाळी चहाच्या आधी आकडा व्हॉट्सॲपवर पाठवायच्या. पहिले तीन दिवस शून्य. चौथ्या दिवशी ३. सहाव्या दिवशी ४१. आठव्या दिवशी ताईंचा मेसेज आला, "दादा, आज चारशेच्या वर आहे, आणि नाव बी-१० चंच आहे." मी त्याच संध्याकाळी गेलो, मशीन नीट बंद केलं, बी-१० ची स्टिक काढली आणि समतोल राहावा म्हणून ए-१० चीही काढली. त्यानंतर त्या हंगामात भर दुपारचा रीस्टार्ट एकदाही झाला नाही. आकडा रोज बघण्याचा एवढा फायदा.

ज्या स्टिक दोन वर्षं दोषी म्हणून परत गेल्या, त्या बहुधा चांगल्याच होत्या.

स्लॉटमध्ये काय होतं

घड्याळजीकडे असतो तसा भिंगाचा चष्मा लावून, मोबाईलचा टॉर्च तिरका धरून बघितलं. बी-१ ते बी-६ या कायम भरलेल्या स्लॉटांतले संपर्क, म्हणजे स्टिकला टेकणाऱ्या धातूच्या पात्या, पिवळे, चकचकीत. बी-७ पासून पुढं पिवळेपणा मंद झालेला. बी-१० मध्ये मधल्या खाचेजवळच्या दहा-बारा संपर्कांवर तपकिरी ठिपके, आणि तळाशी करड्या धुळीचा पातळ थर. पंखा जिथून हवा मारतो त्याच्या बरोबर समोरची ती जागा.

मग मी मान वर करून खोलीकडे पाहिलं. रॅकच्या मागं छतापर्यंत खोके रचलेले. पेटीत द्राक्षांवर ठेवतात ते पॅड, ज्याला सगळे ग्रेप गार्ड म्हणतात. त्यात सोडियम मेटाबायसल्फाइट असतं. ओलावा लागला की त्यातून सल्फर डायऑक्साइड निघतो आणि बुरशी धरत नाही, म्हणून तर माल समुद्रमार्गे युरोपात ताजा पोचतो. पण तोच वायू ओल्या हवेत धातूला खातो. विजेच्या संपर्कांची परीक्षा घ्यायला सल्फर डायऑक्साइडचीच वेगळी आंतरराष्ट्रीय चाचणी आहे, इतका तो या कामात बदनाम. हंगाम संपल्यावर उरलेले पॅड त्या खोलीत ठेवत, कारण पावसाळ्यात कोरडी राहणारी तीच एक खोली. एक खोका कोपऱ्यात फुटलेला होता. नाक जवळ नेलं तर काडी ओढल्यावर येतो तसा उग्र वास.

आता मे महिन्याकडे या. वाढीव बारा स्टिक काढून आम्ही त्यांच्याच अंबडच्या ऑफिसातल्या सर्व्हरमध्ये घालायचो. पॅकहाउसच्या मशीनमधले बारा स्लॉट मे ते डिसेंबर उघडे राहायचे. रिकाम्या स्लॉटमध्ये प्लास्टिकचे रिकामे साचे बसवायचे असतात, कंपनी ते मशीनबरोबर देते. हवा नेहमी मोकळी वाट धरते. साचे नसले की ती भरलेल्या स्टिकवरून जायचं सोडून रिकाम्या स्लॉटांवरून पळते, म्हणजे स्टिक तापतात आणि सगळी धूळ, सगळा वायू उघड्या संपर्कांवर जातो. पूर्ण पावसाळा ते संपर्क त्या खोलीतल्या हवेत उघडे होते. साचे कुठं होते? ऑफिसच्या लोखंडी कपाटात, तळाच्या खणात, मशीनच्या मूळ खोक्यातून काढलेल्या पिशवीत. बारा काळे साचे, पिशवीचं सीलही फोडलेलं नव्हतं.

त्यात काढ-घाल. डीडीआर-४ च्या स्लॉटचं आयुष्य बनवणारे साधारण २५ वेळा काढ-घाल इतकंच धरतात. कोणाला सांगितलं तर खरं वाटत नाही, पण सोन्याचा मुलामा अगदी पातळ असतो आणि प्रत्येक वेळी थोडा खरवडला जातो. दर हंगामाची घालणं-काढणं, त्यात वॉरंटीची अदलाबदल, "एकदा काढून परत बसवून बघ" हा सगळ्यांचा आवडता उपाय. रिपोर्ट मोजले तर बी-१० ची तीन हंगामांतली गणती १४ भरली. २५ चा आकडा स्वच्छ संपर्कांसाठी आहे. मुलाम्याखालचा धातू आधीच गंजत असताना १४ पुष्कळ झाल्या.

आणि आठ-दहा दिवस का? संपर्क पुसट असला तरी ताजी बसवलेली स्टिक घासून जागा करते, म्हणून सुरुवातीला सगळं ठीक. मग दिवसभर तापणं, रात्री थंड होणं, यात धातू केसाएवढाही नाही इतका सरकतो आणि घासून घासून संपर्क बिघडत जातो. स्टिक बदलली की पुन्हा ताजी जागा, पुन्हा आठ दिवस. म्हणून "स्टिक बदलल्यावर बरं झालं" हा पुरावा मला दोन वर्षं फसवत राहिला.

कमी करताना होणारे घात

हे सगळं लिहायचं खरं कारण हे आहे. रॅम वाढवताना आपण चार जणांना विचारतो, सुट्टी काढतो, बॅकअप घेतो. कमी करताना मात्र पोराला सांगतो, जा रे, बारा स्टिक काढून आण. माझ्याकडे कमी करतानाच तीन वेळा घोळ झालाय, आणि तिन्ही वेळा लॉग कोरा होता.

एका मे महिन्यात माझ्या मदतनिसानं बारा स्टिक काढल्या त्या सगळ्या बी बाजूच्या, हाताशी होत्या म्हणून. मशीन सुरू झालं, १९२ दाखवलं, लाल दिवा नाही, चूक नाही. पण दुसऱ्या प्रोसेसरला स्वतःची मेमरी शून्य. त्याची प्रत्येक मागणी पहिल्या प्रोसेसरच्या दारातून जाऊ लागली. अकाउंटचे रिपोर्ट दुपटीनं वेळ घेऊ लागले आणि महिनाभर सगळे नेटवर्कला दोष देत राहिले. लिनक्सवर न्यूमासीटीएल या आज्ञेनं हार्डवेअर विचारलं की प्रत्येक नोडची, म्हणजे प्रत्येक प्रोसेसरची, मेमरी दिसते, एखाद्यासमोर शून्य असेल तर हाच प्रकार. काढताना नेहमी प्रत्येक चॅनलचा दुसरा स्लॉट रिकामा करायचा, दोन्ही बाजूंनी सारखा.

दुसरा घात सॉफ्टवेअरच्या आकड्यांचा. डेटाबेसच्या व्हर्च्युअल मशीनची मेमरी आम्ही १६० वरून ९६ जीबी केली, पण आतल्या एसक्यूएल सर्व्हरची कमाल मेमरीची मर्यादा १२८ वरच राहिली. त्याला वाटलं जागा आहे, तो पसरत गेला, आणि विंडोज पेजिंग करत, म्हणजे मेमरीतला भाग डिस्कवर हलवत बसलं. लिनक्सवर ह्यूज पेजेस (मेमरीचे मोठे राखीव तुकडे) राखून ठेवल्या असतील तर याहून वाईट: मशीन सुरू होतानाच जुन्या आकड्याइतकी मेमरी बाजूला काढतं आणि बाकीच्यांना काही उरत नाही. म्हणून आधी आतले आकडे कमी करा, दोन दिवस तसंच चालवून बघा, झेपलं तरच झाकण उघडा. हे दोन दिवस फुकट जात नाहीत. कमी रॅमवर काम भागतं का याची ती रंगीत तालीम असते, आणि भागलं नाही तर आकडा परत वाढवायला एक मिनिट लागतं.

तिसऱ्यांदा, दुसऱ्या एका कारखान्यात, लायसन्सचा खर्च वाचवायला दुसरा प्रोसेसर काढला आणि त्याबरोबर नेटवर्क कार्डच दिसेनासं झालं. काही पीसीआय स्लॉट (जिथं अशी कार्डं बसतात) दुसऱ्या प्रोसेसरलाच जोडलेले असतात, तो गेला की तेही मेले. कार्ड पहिल्या प्रोसेसरच्या स्लॉटमध्ये हलवावं लागलं. रिकाम्या सॉकेटवर झाकण हवंच.

डिस्कच्या बाबतीत तर कमी करणं हा शब्दच विसरा. बहुतेक रेड कंट्रोलर (अनेक डिस्क एकत्र चालवणारं कार्ड) ॲरेमध्ये, म्हणजे डिस्कच्या गटात, डिस्क वाढवून देतात, कमी करून देत नाहीत. लिनक्सची एक्सएफएस ही फाइल सिस्टिम मोठी होते, लहान करण्याची सोय तिच्यात धरू नका. तिथं बॅकअप, नवीन छोटा ॲरे आणि परत भरणं, एवढाच रस्ता.

मग आम्ही काय केलं

बी-१० चे संपर्क ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलनं साफ करून पाहिले. चुका कमी झाल्या, थांबल्या नाहीत. गेलेला मुलामा परत येत नाही. खोडरबरानं घासायची सवय असेल तर सर्व्हरच्या स्टिकवर ती सोडा, त्यानं उरलासुरला मुलामाही जातो. शेवटी हंगाम संपल्यावर मेंटेनन्स करारातून बोर्ड बदलून घेतला. चूक स्लॉटबरोबर राहते हे दाखवणारे ताईंचे रोजचे आकडे आणि दोन्ही सीरियल नंबर जोडले होते, त्यामुळे वाद झाला नाही.

पॅडचे खोके खोलीतून हलले. सर्व्हरच्या खोलीला आता वेगळा एसी आहे, तापमान १८ ते २७ अंशांच्या आत. रॅकमध्ये घासून चकचकीत केलेली तांब्याची पट्टी टांगली आहे. प्रयोगशाळेत अशा पट्ट्यांवरचा थर मोजतात, महिन्याला तांब्यावर ३०० अँगस्ट्रॉमच्या आत असेल तर हवा सौम्य धरतात. आम्हाला तेवढी मोजणी परवडणारी नाही, पण महिन्यात पट्टी काळवंडायला लागली तर खोलीत काहीतरी आलंय एवढं ती सांगते.

सर्वांत मोठा बदल मात्र हा: आम्ही रॅम काढणंच बंद केलं. ३८४ जीबी बारा महिने जागेवर. मे आला की कमी होतात ते व्हर्च्युअल मशीनचे आकडे, पॅकिंग लाइनची रिमोट डेस्कटॉप मशीन बंद होतात, आणि झाकण उघडत नाही. मालकांना हे पटायला वेळ लागला. "आठ महिने एवढी रॅम नुसती पडून राहणार? अंबडला चालली असती ना," असं त्यांचं म्हणणं, आणि ते चुकीचं नव्हतं. मी त्यांच्यासमोर वहीत तीन हंगामांतले बंद पडलेले तास आणि अंबडसाठी लागणाऱ्या वेगळ्या स्टिकची किंमत शेजारी शेजारी लिहिली. ते थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "छाटणीला आम्ही काडीवरचे डोळे मोजल्याशिवाय कात्री लावत नाही. इथं मात्र तुम्ही-आम्ही न मोजताच कापत होतो." एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी ज्यांनी आयुष्यभर केली त्यांना मला यापुढं समजावायची गरज पडली नाही.

आणखी दोन-तीन गोष्टी, ज्यांनी आपल्या भागात नेहमी घात होतो. जानेवारीत निफाड-दिंडोरीकडं पहाटे कडाका असतो. स्टिक बाईकच्या डिकीत घालून सहाला निघालात आणि पोचल्यावर लगेच उबदार, दमट खोलीत पिशवी फोडलीत तर थंड धातूवर दव धरतं. पिशवी बंदच ठेवून दीड-दोन तास खोलीत राहू द्या. त्याच थंडीत हवा कोरडी, म्हणून मनगटाचा अर्थिंगचा पट्टा बांधा. रॅम वाढवल्यावर पहिल्यांदा सुरू करताना स्क्रीन कित्येक मिनिटं काळी राहते, मशीन प्रत्येक स्टिकची वेळ जुळवत असतं. घाबरून बटण दाबू नका. काही सर्व्हर एकदा बिघडलेला स्लॉट लक्षात ठेवून बंदच करून टाकतात, दुरुस्तीनंतर ती खूण काढल्याशिवाय स्लॉट परत चालू होत नाही. आणि दोन पॉवर सप्लाय असतील तर वाढीव भार एकट्यानं पेलतो का ते बघा, एकाची वायर काढून, पण हंगामाच्या आधी.

हे आत्ता लिहिण्याला निमित्त सिंहस्थाचं आहे. २०१५ नंतरचा हा सिंहस्थ, २०२६-२७ चा. हॉटेलं, दवाखाने, वाहतूकवाले, सगळे काही महिन्यांसाठी सर्व्हर वाढवायच्या चौकशा करतायत, आणि पर्वणी संपली की तीच रॅम काढून दुसरीकडं घालायचा विचारही आत्ताच बोलून दाखवतायत. माझं सगळ्यांना एकच सांगणं: घालायचा दिवस ठरवाल त्याच कागदावर काढायचा दिवस, कोणते स्लॉट आणि कोण काढणार ते लिहा. काढायचंच असेल तर रिकामे साचे हातात असल्याशिवाय पहिली स्टिक उचलू नका.

यंदाच्या हंगामात ताईंचा आकडा एप्रिल संपेपर्यंत शून्य राहिला. कपाटातले ते बारा साचे पॅकहाउसला आता लागत नाहीत. अंबडचा सर्व्हर त्याच मॉडेलचा आहे आणि त्याचेही बारा स्लॉट उघडे होते. गेल्या शनिवारी ते तिथं बसवून आलो.